घटाची माती आणि तेवीस टोमॅटो

२०२३च्या आषाढी एकादशीला माझ्या मुलीने आजीच्या बशीत केळं, पपई आणि त्यांच्या शेजारी टोमॅटोच्या चार फोडी मांडल्या. शाळेत बाईंनी नुकतंच सांगितलं होतं की फुलाच्या अंडाशयापासून तयार होतं ते फळ, म्हणजे टोमॅटो हे फळच. आईने बशी बोटाने लांब सरकवली. "फळ असता तर उपासाक चालला असता," ती म्हणाली आणि केळं तेवढं उचललं. टोमॅटोला टेकलेली पपईसुद्धा तिने खाल्ली नाही.

मी उगाच मध्ये पडलो. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, असं मी दोघींना सांगितलं. तिथे तेव्हा आयात भाजीवर दहा टक्के जकात होती आणि फळांवर नव्हती. टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी दावा लावला की आमचा माल फळ आहे. न्यायालयाने १८९३ साली निकाल दिला तो असा: वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ असेल, पण लोक तो जेवणात खातात, जेवणानंतरचं गोड म्हणून खात नाहीत. तेव्हा भाजी. जकात भरा.

"बघ," आई म्हणाली, "सायबाक पण कळला."

आई कुडाळकडची. मुंबईत येऊन तिला पन्नास वर्षं होतील, पण तिची आवडती फळं आहेत ती बहुतेक मुंबईला न येणारी. काजूचं बोंडू, रातांबा, चाराची फळं, करवंदं. करवंदं निदान पानाच्या द्रोणात स्टेशनबाहेर मिळतात. बोंडू मात्र झाडावरून काढलं की दुसऱ्या दिवशी सुरकुततं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतं. ते कोकण रेल्वेत बसवून आणायचं म्हणजे डबाभर लोकांचे शिव्याशाप. रातांब्याची आमसुलं होऊन येतात, ताजा रातांबा फोडून त्यातला गर चोखायचा तर गावालाच जावं लागतं. "गाडयेन इलेला फळ दमलेला असता," हे तिचं लाडकं वाक्य. हापूसलासुद्धा ती यातून वगळत नाही, हे विशेष.

मला हे म्हातारपणाचं वेड वाटायचं. माझी आवडती फळं चिकू आणि सीताफळ. घोलवडचा चिकू आणि सासवडचं सीताफळ, दोन्ही मुंबईला गाडीनेच येतात आणि मला तरी कधी दमलेली वाटली नाहीत. पुढे टोमॅटोच्या नादाने वाचायला लागलो तेव्हा कळलं की यामागे एक सरळ हिशोब आहे. काही फळं काढल्यावरही पिकत राहतात: आंबा, केळं, चिकू, सीताफळ. काही काढली त्या घडीला जशी असतील तशीच राहतात, फक्त शिळी होतात. द्राक्ष, संत्रं, डाळिंब, स्ट्रॉबेरी ही त्यातली. टोमॅटो पहिल्या गटात बसतो, आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर येतं. काढल्यावर लाल होतो म्हटल्यावर तो नारायणगावात किंवा पिंपळगावात पूर्ण पिकेपर्यंत वेलीवर ठेवणार कोण? बुडाला जरा गुलाबी छटा आली की खुडायचा आणि क्रेटमध्ये घालायचा. रंग वाटेत येतो. गोडी मात्र झाडावर जेवढी भरली गेली तेवढीच. म्हणजे आईचं "दमलेलं" टोमॅटोच्या बाबतीत बऱ्यापैकी खरं निघालं. अर्थात हे मी तिला सांगितलेलं नाही.

तर त्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला. आमचा भाजीवाला टोमॅटो वेगळ्या टोपलीत, स्वतःच्या मांडीजवळ ठेवायला लागला. तेव्हा मी घरात जाहीर केलं की आपण टोमॅटो लावू. मुलीने टाळ्या वाजवल्या. बायकोने विचारलं, कुठे? आईने सुचवलं, "लावतस तर फणस लाव."

जाहीर केलं जुलैत आणि प्रत्यक्षात हात लावला फेब्रुवारीत. हा माझा स्वभाव.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, चार मजली जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी होती ती आधीच्या मालकानेच खोलीत घेतली. उरली एक आग्नेयेकडची खिडकी, तिला बाहेर काढलेलं बॉक्स ग्रिल. समोर पुनर्विकासाचा टॉवर चढतोय, तो किती मजल्यांवर थांबणार हे बिल्डरच्या फलकावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं. सकाळी आठ ते बारा ऊन येतं, पुढे टॉवरची सावली.

पहिल्या खेपेला मी घरातला एक टोमॅटो घेतला, चकत्या कापल्या, कुंडीत पुरल्या, वर मूठभर माती टाकली. मोबाइलवरच्या व्हिडिओत असंच दाखवतात आणि तिसाव्या सेकंदाला टोपलीभर टोमॅटो निघतात. माझ्याकडे आठवड्यात तीसेक रोपं उगवली, एकाला एक चिकटून, बसथांब्यावरच्या गर्दीसारखी. उपटायला जीव होईना. शेवटी बायकोनेच बसून चार ठेवली. मार्चअखेरीस ती कंबरेएवढी झाली आणि पिवळी फुलं आली. मी ऑफिसात फोटो दाखवले. मग रोज सकाळी ग्रिलच्या पत्र्यावर ती फुलं पडलेली दिसायला लागली, देठाच्या मधल्या गाठीपाशी तुटून, अगदी कात्रीने कापल्यासारखी. एप्रिल संपेपर्यंत फुलं येत राहिली आणि पडत राहिली. एक फळ धरेल तर शपथ. मी शेणखत घातलं, आणखी शेणखत घातलं, पानं गर्द हिरवी झाली, झाड छताला लागायला निघालं. मे महिन्यात उपटून टाकलं.

चूक खतात नव्हती, पंचांगात होती. टोमॅटोला दिवसाच्या उन्हाचं फारसं वावडं नाही, त्याचं सगळं अडतं ते रात्रीवर. रात्री साधारण पंधरा ते एकवीस अंशांत फळं चांगली धरतात. रात्रच उकडायला लागली की परागकण नीट तयार होत नाहीत आणि झाड फूल टाकून देतं. आता मुंबईच्या रात्री आठवून बघा. मार्च उजाडला की पंखा तीनवरून पाचवर जातो. पावसाळा दमट, ऑक्टोबर भट्टीसारखा. पंख्याशिवाय झोप लागते ते दिवस म्हणजे डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा बराचसा भाग. टोमॅटोला फुलं यायला हवीत ती त्याच दिवसांत, म्हणजे बी टाकायचं नवरात्रात. उत्तरेकडच्या लोकांचे व्हिडिओ बघून मी फेब्रुवारीत लावत होतो. त्यांच्याकडे थंडी संपते तेव्हा हंगाम सुरू होतो, आपल्याकडे थंडी असते तोच हंगाम. बातम्यांत मुंबईचे दोन आकडे सांगतात, कुलाबा आणि सांताक्रूझ. हिवाळ्यात सांताक्रूझचं किमान तापमान कुलाब्याहून चांगलंच खाली असतं. कुलाब्याला राहणाऱ्यांना समुद्र मिळतो, टोमॅटो आम्हाला.

दुसरी चूक बियांची. बाजारातला टोमॅटो बहुतेक संकरित असतो, त्याच्या बीपासून आईबापांसारखं झाड येईलच असं नाही. म्हणून या खेपेला बियाण्याच्या दुकानातून दोन पुड्या आणल्या. एक चेरी टोमॅटोची आणि एक पुसा रुबीची. पुसा रुबी दिल्लीच्या कृषी अनुसंधान संस्थेचं जुनं वाण. चपटं, कडेला किंचित खाचा असलेलं आणि चवीला आंबट फळ. दुकानदार म्हणाला, "हे आता कोण घेत नाही, साल पातळ आहे, गाडीत टिकत नाही." मी म्हटलं, द्या, गाडीत बसवायचंच नाहीये.

३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना. बायकोने परातीत घट बसवला, सात धान्यं पेरली. परातीतून उरलेली माती एका जुन्या केकच्या डब्यात ओतून त्यात मी बी टाकलं. पाव इंच खोल, वर हाताने फवारा. घटातलं धान्य तिसऱ्या दिवशी वर आलं, माझं सहाव्या दिवशी. दसऱ्याला आईने घटाचे पिवळसर तुरे टोपीत खोवायला काढले आणि माझ्या डब्याकडे बघून विचारलं, "ह्या काय सोन्याबरोबर वाटूचा आसा?"

महिनाभरात रोपं वीतभर झाली. मध्ये माती जमवली. नर्सरीतली लाल माती, ती नुसती वापरली तर कुंडीत वीट होते. म्हणून कोकोपीटची पाच किलोची वीट आणली, बादलीत भिजत घातली तर ती फुगून बादलीबाहेर आली आणि आठवडाभर न्हाणीघरात तपकिरी पाऊलखुणा. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड. कुंड्यांऐवजी रंगाच्या वीस लिटरच्या दोन बादल्या घेतल्या, रंगाऱ्याने फुकट दिल्या. बुडाला लोखंडी सळई तापवून भोकं पाडली. टोमॅटोची मुळं खोल जातात, बारा इंचांच्या कुंडीत झाड दुपारी मान टाकतं.

आता सोसायटी. ओल्या मातीच्या दोन बादल्या म्हणजे चाळीसेक किलो. आमच्या ग्रिलचे खिळे कोणत्या सालातले आहेत हे देव जाणे आणि खाली मुलांची ये-जा. म्हणून बादल्या ग्रिलमध्ये न ठेवता खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, भिंतीच्या आधाराने ठेवल्या आणि झाडं तेवढी ग्रिलमध्ये वाकवली. तरी पहिल्याच आठवड्यात तांबडं पाणी ओघळून खालच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गेलं. त्या वर आल्या. काही बोलल्या नाहीत, चादर दारात उघडून दाखवली. मी चादर धुवायला मागितली, बायकोने मला आत पाठवलं आणि चादर स्वतः घेतली. दुसऱ्या दिवशी बादल्यांखाली तसराळी आली.

रोपं लावली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी. टोमॅटोचं रोप खोडाच्या अर्ध्यापर्यंत मातीत गाडायचं असतं, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. खालची पानं खुडताना बोटांना जो हिरवट, उग्र वास लागतो तो साबणानेही जात नाही. मला तो आवडायला लागला. लोकलमध्ये दांडी धरून उभा असताना मधूनच नाकाशी बोटं नेत असे.

कबुतरांविषयी लिहायला बसलो तर हा लेख त्यांचाच होईल. जाळी लावली, विषय संपला.

डिसेंबरात, दत्तजयंतीच्या आसपास, फुलं आली. या वेळी मी सकाळी उठलो की आधी पत्रा बघायचो, फुलं पडलीत का. पडत होती, पण थोडी. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. परागकण मधल्या पिवळ्या नळीत आतल्या बाजूला असतात आणि फूल हललं की मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसे खाली पडतात. शेतात वारा आणि काही जातीच्या माशा फुलाला लटकून गुणगुणत ते काम करतात. आमच्या खिडकीत वारा टॉवर अडवतो आणि माशी आलीच तर जेवणावर येते. म्हणून काम माझ्याकडे आलं. साडेनऊच्या सुमारास, दव वाळून फूल कोरडं झालं की गुच्छाच्या देठाला मागून टिचकी मारायची. कॅरमची सोंगटी उडवतो तेवढी जोरात नको, कानातला मळ काढून उडवतो तेवढी. उन्हाकडे तोंड करून मारली तर कधी कधी धुळीची एक पिवळी रेघ हवेत दिसते, क्षणभर. ती पहिल्यांदा दिसली त्या दिवशी माझी नऊ बावन्नची गाडी चुकली.

पाच-सहा दिवसांत फूल मिटून तपकिरी होतं आणि त्याच्या मागून हरभऱ्याएवढा, लव असलेला हिरवा मणी डोकावतो. एका सकाळी असे चार मोजले. आईला हाताला धरून खिडकीशी आणलं. तिने चष्मा वर केला, खाली केला. म्हणाली, "पाणी कमी घाल."

नाताळच्या सुमारास चेरीच्या झाडाची शेंड्याकडची पानं आकसून वाटीसारखी वर वळली. पान उलटं केलं तर खाली पांढरी माशी, फुंकर मारली की राखेसारखी उडणारी. ही माशी पानं मुरडणारा विषाणू झाडाझाडांत पोचवते आणि विषाणू एकदा आत शिरला की त्याला औषध नाही, मारता येते ती फक्त माशी. मी कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब भांड्यांच्या साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारत राहिलो. पिवळा चिकट कागद टांगला, त्यावर माश्या चिकटल्या आणि एकदा मुलीचे केस. आठवडाभर मन घट्ट होईना. शेवटी दुसरं झाड वाचवायचं म्हणून चेरीचं झाड पिशवीत बांधून कचऱ्यात दिलं. त्यावर बेचाळीस हिरवी फळं होती. मोजायला नको होती.

राहिली पुसा रुबी. सुतळीने ग्रिलला बांधलेली, बगलफुटी खुडून दोन फांद्यांवर ठेवलेली. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे टॉवरच्या कडेवरून ऊन दुपारी एकपर्यंत यायला लागलं. झाड खूश होतं. मग आम्ही तीन दिवस पुण्याला लग्नाला गेलो. आलो तेव्हा झाड लोंबत होतं, मी घाबरून दोन तांबे पाणी ओतलं, संध्याकाळी ते उभं राहिलं. मला वाटलं निभावलं. दहा दिवसांनी पहिल्या दोन मोठ्या फळांच्या बुडाला चामड्यासारखा काळा डाग. हा रोग नव्हे, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि ते पाण्याबरोबरच पोचतं. एकदा दुष्काळ, एकदा पूर केला की हे ठरलेलं. लोक अंड्याची टरफलं घालायला सांगतात. मीही घातली, पण ती मातीत विरघळायला महिने लागतात, या हंगामाच्या फळाला त्यांचा काय उपयोग? उपयोग झाला तो मातीवर सुक्या पानांचा थर घालून रोज सकाळी ठरलेलं एक तांब्या पाणी घालण्याचा. पुढची फळं स्वच्छ आली.

पिकायला त्यांनी अंत पाहिला. हिरवा, मग पांढुरका, मग आठ दिवस काहीच नाही. मुलगी रोज फोटो काढायची आणि म्हणायची, बाबा, कालचाच फोटो आहे. मग एका दिवशी बुडाशी तांबूस छटा. बाजारात याच टप्प्याला खुडतात, आम्ही आणखी सहा दिवस थांबलो. त्यातला पहिला, चपटा, देठाजवळ पाच खाचांचा, पुरता लाल झाला २६ फेब्रुवारीला. महाशिवरात्र.

आईचा उपास. टेबलावर कवठाची चटणी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू. मी टोमॅटो खुडून तिच्या तळहातावर ठेवला. उन्हाने कोमट होता. तिने तो नाकाशी नेला, देठाच्या खळीचा वास घेतला, बराच वेळ. मुलगी आशेने बघत होती. आईने टोमॅटो बशीत ठेवला, वर दुसरी बशी पालथी घातली आणि म्हणाली, "उद्या."

फ्रिजमध्ये ठेवू दिला नाही, ते बरंच झालं. थंडीत टोमॅटोचा वास मरतो आणि बाहेर काढला तरी पुरता परत येत नाही. दुसऱ्या दिवशी पारण्याला तिने तो स्वतः विळीवर कापला. रस विळीच्या पात्यावरून पाटावर सांडला. चार फोडी, वर मीठ, बस्स. तिने पहिली फोड खाल्ली, बी दातात आलं ते जिभेने काढून बोटावर घेतलं, बघितलं.

"आंबट आसा," ती म्हणाली. "पण बरो लागता."

दुसरी फोडही तिनेच उचलली. राहिलेल्या दोनांत आम्ही तिघं.

होळीपर्यंत एकूण तेवीस टोमॅटो निघाले. काळे डागवाले दोन धरून. वजन केलं तर सव्वा किलोच्या आतबाहेर. बी, माती, पेंड, जाळी, तसराळी मिळून खर्च चौदाशे साठ, चादर धरलेली नाही. चार टोमॅटो खालच्या वहिनींना दिले. त्यांनी सार केलं आणि वाटीभर वर पाठवलं, त्यात आमच्या टोमॅटोची चव शोधत मी दोनदा भात घेतला. बायकोचं म्हणणं, त्यांनी बाजारातलेही घातले असणार.

रात्री उकडायला लागल्या तशी फुलं पुन्हा पत्र्यावर पडू लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाड काढलं, माती वर्तमानपत्रावर पसरून उन्हात तापवली आणि बादलीत भरून नवरात्रासाठी ठेवून दिली. एका पिकल्या टोमॅटोचं बी आधीच काढून, वाटीत दोन दिवस आंबवून, धुऊन वाळवलं आहे. पुसा रुबी संकरित नाही, त्यामुळे तिच्या बीतून तीच येते.

मे महिन्यात गावाहून बरका फणस आला. गाडीनेच आला, पण आईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आठळ्या भाजीत गेल्या. जूनच्या मध्यावर मातीच्या बादलीत काहीतरी वर आलेलं दिसलं. अंगठ्याएवढं जाड, गर्द हिरवं, दोन पानं हात जोडल्यासारखी. मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती.

"आठळी वाळली की रुजणा नाय," ती मान वर न करता म्हणाली. "ताजीच लावची लागता."

बादली अजून कट्ट्यावरच आहे. सोसायटीला अद्याप कळवलेलं नाही.